खाशाबांची उणीव

खेळाडूंवरील चित्रपटांचा नायक आतां वाचकांच्या चांगल्या परिचयाचा झाला आहे. तो तरुण असतो, महत्त्वाकांक्षी असतो, आणि त्याच्या ठिकाणीं गर्व, तापटपणा किंवा आळस असें एखादें वैगुण्य असतें. तीन तासांच्या आंत तें गळून पडतें व शेवटच्या सामन्यांत यश पदरांत येतें. हा सांचा खऱ्या मल्लाच्या चरित्राला कितपत बसतो, हें पाहण्यासाठीं आम्हांस फार दूर जावें लागत नाहीं. चिपळुणाहून कुंभार्ली घाट चढून पाटणावरून पुढें गेलें कीं कराड लागतें, आणि कराडला लागूनच गोळेश्वर, हें खाशाबा दादासाहेब जाधव यांचें जन्मगांव. घाट मध्यें असला तरी आम्हां चिपळूणकरांचा हा शेजारच म्हणावयाचा.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील स्वतः पैलवान, आणि पांच भावांत हे धाकटे. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलांत व नंतर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत झालें. देह ठेंगणा, परंतु अंगांत विलक्षण चपळाई. ‘ढाक’ हा त्यांचा हुकमी डाव. १९४८ सालीं कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्यानें ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले आणि अगदीं हलक्या वजनाच्या गटांत सहावे आले.

त्यांची उणीव काय ती येथें दिसून आली. मातीवर वाढलेला मल्ल प्रतिस्पर्ध्याला चीत करण्याच्या ध्यासानें लढतो. माती पायाला धरून ठेवते, आणि तिथें दम घेत, अंदाज घेत डाव टाकण्यास सवड असते. गादीवर ही सवड नाहीं. पाठ लागली नाहीं तरी गुण मोजले जातात, वेळ ठरलेला असतो, आणि नियम ठाऊक नसणाराची ताकद वायां जाते. हा दोष स्वभावाचा नव्हे, शिक्षणाचा होता. तो एकट्या खाशाबांचाहि नव्हता. पण भोगावा लागला त्यांना, आणि काढून टाकला तोहि त्यांनींच. पुढच्या चार वर्षांत ते गादीवरची कुस्ती शिकले आणि वरच्या वजनाच्या गटांत उतरले.

महत्त्वाकांक्षा मात्र दांडगी. १९५२ च्या निवडीच्या वेळीं आपल्याला अन्यायानें डावललें, अशी त्यांची तक्रार होती. ती घेऊन ते पतियाळाच्या महाराजांपर्यंत गेले व फेरकुस्ती मिळवून त्यांनीं ती जिंकली, असें सांगतात. सौम्य, सोशिक मल्लाची जी मूर्ति आज उभी केली जाते, तिच्यांत हा हट्ट बसत नाहीं. आम्हांस तर तो फार आवडतो. पैशाची अडचण होतीच. गोळेश्वरांत वर्गणी फिरली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्यासाठीं घर गहाण टाकणारा प्राचार्य! आमच्या व्यवसायबंधूंनीं हें वाक्य दोनदां वाचावें.

हेलसिंकीस कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांना खाशाबांनीं हरविलें. पुढें जपानच्या शोहाची इशीशीं दीर्घ झुंज होऊन तींत ते हरले. लागलीच सोव्हिएट रशियाच्या रशीद मामेदबेकोवशीं लढावयास उभें राहावें लागलें, आणि मिळावयास हवी ती अर्ध्या तासाची विश्रांति मागून घेण्यास जवळ कोणी भारतीय अधिकारी नव्हता, असें म्हणतात. ही कुस्तीहि गेली. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य, खाशाबांना कांस्य.

विश्रांति मिळाली असती तर सुवर्णच आलें असतें, असें आपल्याकडे कित्येकदां बोललें जातें. आम्हांस तें पटत नाहीं. इशीशीं हार झाली ती थकण्यापूर्वींची, आणि मामेदबेकोव हा कांहीं सामान्य गडी नव्हता. रौप्याचा संभव होता, इतकेंच न्यायानें म्हणतां येईल. परंतु त्या अर्ध्या तासाचा दोष खाशाबांच्या खातीं मांडतां येत नाहीं. तो मांडावयाचा तर ज्यांनीं मल्ल पाठविला आणि त्याच्या बाजूनें बोलणारा माणूस पाठविला नाहीं, त्यांच्या खातीं. चित्रपटाचा सांचा मोडतो तो इथें.

परत आल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळांत मिळालेलें हें पहिलें ऑलिंपिक पदक. दुसरें १९९६ सालीं लिअँडर पेसनें आणलें. त्याच हेलसिंकींत कोल्हापूरचे केशव माणगावे चौथे आले. त्यांचें नांवहि आज कोणी काढीत नाहीं. खाशाबांनीं पुढें कुस्त्या भरवून प्राचार्यांचें कर्ज फेडलें, १९५५ सालीं पोलीसखात्यांत नोकरी धरली, आणि गुडघ्याच्या दुखापतीनें त्यांची ऑलिंपिकची वाट बंद झाली. १९८४ सालीं ते अपघातांत वारले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तो त्यानंतर कित्येक वर्षांनीं.