गव्हाचे काड : संयुक्त अरब अमिरातीतील व्यवस्थापन

शारजातील मलीहा येथे नोव्हेंबर 2022 मध्ये सुमारे 400 हेक्टरांवर गव्हाची पेरणी सुरू झाली. काढणी मार्चमध्ये झाली. काढणीनंतर उरणाऱ्या काडाचे काय करायचे, हा खरा प्रश्न. पंजाबात भात निघाल्यावर गहू पेरायला जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात, म्हणून तिथे भाताचे काड पेटवले जाते. अमिरातीत पुढचा गहू थेट हिवाळ्यात, त्यामुळे जाळण्याला घाईचे कारणच उरत नाही. शिवाय तिथल्या वाळूत सेंद्रिय कर्ब अत्यल्प, म्हणून काड शेतातच ठेवावे. उभे धसकट वारा अडवते, पसरलेले काड ओल धरते.

कुजताना काड जमिनीतले नत्र ओढते, हा आक्षेप खरा आहे. पण पेरणीला नत्राची मात्रा वाढवून ती तूट भरता येते. चाऱ्याची गरजही खरी. गठ्ठे गोठ्यात जरूर जावेत, मात्र शेणखत त्याच शेतात परतलेच पाहिजे.