दाबाचा हिशेब: पद्मिनीच्या पंपापासून चाकणच्या टर्बोपर्यंत

१/ हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कात टाटा टेक्नॉलॉजीज आणि केपीआयटी या दोन कंपन्यांची मुख्यालये आहेत. पहिलीचा व्यवसाय प्रामुख्याने वाहन-अभियांत्रिकीचा, दुसरीचा वाहनांच्या सॉफ्टवेअरचा. याच पुणे परिसरात, रांजणगाव आणि चाकण येथे, टर्बो पेट्रोल गाड्या तयार होऊ लागल्या आणि एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला: बूस्ट वाढवून ताकद वाढवायची, तर इंधन पंप कोणता बसवावा?

२/ आरंभ कुर्ल्यापासून करावा लागतो. प्रीमियर पद्मिनीची टाकी मागे असे आणि पंप पुढे, इंजिनाच्या अंगाला. कॅमशाफ्टच्या फिरण्याने एक पडदा वर-खाली होई आणि पेट्रोल खेचून कार्ब्युरेटरला देई. दाब बारच्या काही दशांशांइतकाच. कार्ब्युरेटरला त्याहून अधिक नकोच असे. खेचण्यात मात्र एक खोट होती. ओढल्या जाणाऱ्या द्रवाचा दाब घटतो आणि उष्णतेत त्याची वाफ होते. उन्हाळ्यात घाट चढताना थांबलेली गाडी आणि पंपावर टाकलेले ओले फडके ही जुन्या चालकांची ओळखीची आठवण.

३/ साध्या इंजिनात पंप कमी पडला तर गाडी आचके देते. बूस्टवर चालणाऱ्या इंजिनात तीच उणीव घातक ठरते. हवा दाबून भरलेली असते, इंधन तेवढे पोचत नाही, ज्वलनाचे तापमान चढते, नॉकिंग सुरू होते आणि काही क्षणांत पिस्टन वितळू शकतो. म्हणून येथे पंपाची निवड हा इंजिन वाचवण्याचा प्रश्न आहे.

४/ या प्रश्नाचे एक प्रसिद्ध उत्तर दुसऱ्या महायुद्धातले आहे. स्पिटफायर विमानाच्या सुपरचार्ज्ड मर्लिन इंजिनाला कार्ब्युरेटर होता. जर्मन डाइम्लर-बेंझ इंजिनांत थेट इंजेक्शन. नाक एकदम खाली केले की मर्लिन गचके खाई, कारण पंप गरजेहून जास्त पेट्रोल ढकलून कार्ब्युरेटर बुडवून टाकी. फार्नबरोच्या अभियंता बीट्रिस शिलिंग यांनी १९४१ मध्ये इंधननळीत भोक असलेली एक लहानशी चकती बसवली. पूर्ण ताकदीला लागेल तेवढेच इंधन त्या भोकातून जाई. लक्षणीय बाब अशी, की चकत्या दोन मापांच्या होत्या: १२ पौंड बूस्टसाठी वेगळी, १५ पौंडांसाठी वेगळी. प्रवाहाचे माप बूस्टवरून ठरवायचे, हे तत्त्व तिथे एका भोकात सामावले होते. (शिलिंग स्वतः ब्रुकलंड्सच्या मोटरसायकल शर्यतींत नाव कमावलेल्या होत्या.)

५/ १९६७ मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली फोक्सवॅगन १६०० मध्ये आली. इंजेक्टरला कार्ब्युरेटरच्या कित्येक पट दाब लागतो, म्हणून पंप विजेचा झाला आणि पुढे टाकीतच बुडवला गेला. खेचण्याऐवजी ढकलणे सुरू झाले. भोवतीच्या पेट्रोलने पंप थंड राहू लागला. ओल्या फडक्याचे काम संपले.

६/ रांजणगावातून २०१० मध्ये लिनिया टी-जेट आली आणि २०१५ मध्ये १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो. दोन्हींत इंजेक्टर इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे बूस्टच्या दाबाविरुद्ध फवारणारे. अशा इंजिनाची ताकद फार वाढवताना रेग्युलेटर सहसा बूस्टइतकाच इंधनाचा दाब वाढवणारा घेतात: मूळ ३ बार, बूस्ट १.५ बार, तर पंपावर भार ४.५ बारचा. नेमकी फसगत येथे होते. खोक्यावर ‘ताशी २५५ लिटर’ छापलेले असते ते साधारण ३ बारला. दाब वाढतो तसा प्रवाह घटतो. व्होल्टेज पडले तर आणखी घटतो. कंपनीच्या बारीक वायरवर मोठा पंप जोडणे म्हणजे तो अर्धपोटी ठेवणे.

७/ हिशेब अवघड नाही. बूस्ट असलेले पेट्रोल इंजिन पूर्ण भारावर दर अश्वशक्तीमागे ताशी सुमारे २७० ग्रॅम इंधन घेते असे धरतात. ४०० अश्वशक्तीला १०८ किलो, म्हणजे जवळपास १४६ लिटर. वीस टक्के राखीव धरून १७५. हा प्रवाह ४.५ बारला मिळायला हवा.

८/ महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्याने या हिशेबात नवी भर घातली. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने तेवढ्याच हवेला ते अधिक लागते. २०२३ पासून विकले जाणारे वीस टक्के मिश्रण सुमारे आठ टक्के जास्त मागते. शुद्ध इथेनॉल आकारमानाने जवळजवळ दीडपट. ते नॉकिंग रोखते, म्हणून शर्यतवाल्यांना प्रिय. पण १७५ चे २६० होतात आणि एक पंप अपुरा पडतो.

९/ मग दोन पंप. दुसरा बूस्ट चढल्यावर स्विचने सुरू करण्याची पद्धत जुनी आणि स्वस्त, पण तो स्विच बिघडल्याचे कळते ते नेमके पूर्ण भारावर. दोन्ही कायम चालवले तर जास्तीचे पेट्रोल टाकीत फिरत राहून तापते. त्यामुळे गरजेप्रमाणे वेग बदलणारा ब्रशलेस पंप महाग असूनही अधिक शहाणपणाचा वाटतो.

१०/ २०१३ च्या पोलो जीटी टीएसआयने चाकणमध्ये वेगळेच वळण आणले. थेट सिलिंडरात इंजेक्शन, त्यामुळे पंप दोन: टाकीतला काही बारचा आणि इंजिनावरचा शंभराहून अधिक बारचा. हा दुसरा पंप कॅमशाफ्टवर चालतो. पद्मिनीचा पंप जिथे होता तिथेच, इंजिनाच्या अंगाला, पंप परतला! मात्र त्याचा प्रवाह प्लंजरच्या मापाने, कॅमच्या उंचवट्यांनी आणि इंजिनाच्या वेगाने बांधलेला. टाकीत कितीही मोठा पंप टाकला तरी ही मर्यादा हटत नाही. टाटांच्या कर्व्हमधले १२५ अश्वशक्तीचे हायपेरियन इंजिनही याच जातीचे.

११/ येथून निवड पान्याइतकीच लॅपटॉपची झाली. उच्चदाब पंपाची झडप कोणत्या अंशाला मिटायची हे सॉफ्टवेअर ठरवते. ट्यूनिंग करणारा पडद्यावर दोन रेषा पाहतो, मागितलेला दाब आणि मिळालेला दाब. ज्या आरपीएमला दुसरी रेषा पहिलीपासून खाली सरकू लागते, तिथे पंप संपलेला असतो आणि बूस्ट तिथेच थांबवावा लागतो.