प्रकट पापनिवेदन, ख्रिस्ती

आपली वैयक्तिक पापे सहधर्मीयांसमोर उघडपणे कबूल करण्याची ख्रिस्ती प्रथा. धर्मगुरूपुढे एकांतात होणाऱ्या पापनिवेदनाहून (कोकणी : कुमसार) ती भिन्न होय. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात (५:१६) परस्परांजवळ पापे कबूल करावीत व परस्परांसाठी प्रार्थना करावी, असा उपदेश आहे. तोच या प्रथेचा मुख्य आधार मानला जातो.

आद्य ख्रिस्ती मंडळीत धर्मत्याग, मनुष्यवध व व्यभिचार यांसारख्या घोर पापांबद्दल सर्वांदेखत प्रायश्चित्त घ्यावे लागे. त्यातून होणारी मानहानी आणि शिक्षेचे भय यांमुळे पुष्कळजण प्रायश्चित्तच टाळू लागले. म्हणून पोप पहिला लिओ याने ४५९ मध्ये पापांची यादी जाहीरपणे वाचण्यास मनाई केली. पुढे आयरिश मठवासीयांच्या प्रभावाने खाजगी निवेदन रूढ झाले. चौथ्या लॅटरन परिषदेने (१२१५) ते वर्षातून एकदा तरी अनिवार्य ठरविले आणि गुप्तताभंग करणाऱ्या धर्मगुरूस कडक शिक्षा सांगितली. धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंट पंथांत ही सक्ती उरली नाही. तथापि जॉन वेस्ली (१७०३–९१) याने १७३८ मध्ये लहान गटांसाठी नियम केले व दर आठवड्यास एकत्र जमून आपले दोष मोकळेपणाने सांगण्याची रीत घालून दिली.

महाराष्ट्रात या प्रथेचा सर्वांत ठळक आविष्कार पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्तिसदनात घडला. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या या संस्थेत विधवा, परित्यक्ता व दुष्काळात निराधार झालेल्या मुली राहत. वेल्समधील धर्मजागृतीचे (१९०४-०५) वृत्त कळल्यावर रमाबाईंनी जानेवारी १९०५ मध्ये विशेष प्रार्थनेस प्रारंभ केला. प्रथम सुमारे ७० जणी त्यासाठी जमत; जूनपर्यंत ही संख्या ५५० च्या घरात गेली. जूनच्या अखेरीस मुली मोठ्याने रडत, सर्वांसमक्ष आपली पापे सांगत क्षमायाचना करू लागल्या. अध्ययन व नित्याची कामे काही काळ बाजूस पडली. पुढे मुलींचे गट आसपासच्या गावी प्रचारासाठी जाऊ लागले. मिनी एब्रम्स या अमेरिकन सहकारी महिलेने १९०६ मध्ये पुस्तिका लिहून या अनुभवाचे विवेचन केले.

या घटनांविषयी मतभेद झाले. मोठ्याने होणारी सामूहिक प्रार्थना व भावनावेग काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांना अनुचित वाटले. उलट भारतीय ख्रिस्ती लोकांनी आपल्या स्वभावानुसार उपासना करावी, असे रमाबाईंचे मत होते. एक प्रश्न मात्र याहून मूलगामी आहे. निवेदन करणाऱ्या मुली अन्नवस्त्रासाठी संस्थेवरच अवलंबून होत्या. तेव्हा त्यांच्या कबुलीत स्वेच्छा किती व समूहाचा प्रभाव किती, हे ठरविणे कठीण आहे. उपलब्ध वृत्तांत मुख्यतः संस्थाचालक व मिशनरी यांचे आहेत. त्यांत मुलींचा स्वतःचा आवाज क्वचितच ऐकू येतो. ज्यांना समाजाने अपराधी ठरवून दूर लोटले होते, त्यांना आपल्या जीवनाविषयी चारचौघींत बोलण्याचा अवसर येथे लाभला, हेही तितकेच खरे.

विसाव्या शतकात फ्रँक बुकमन (१८७८–१९६१) याच्या ऑक्सफर्ड गटाने लहान मंडळींत दोष सांगण्याची पद्धत पुढे नेली. १९३८ पासून ही चळवळ ‘मॉरल रीआर्मामेंट’ (नैतिक पुनःशस्त्रीकरण) या नावाने ओळखली जाऊ लागली; पाचगणी येथील तिचे केंद्र १९६८ मध्ये सुरू झाले. ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ (स्थापना १९३५) या व्यसनमुक्तिसंघटनेने हीच कल्पना स्वीकारली. मात्र तिच्या पाचव्या पायरीनुसार ईश्वर व स्वतः यांखेरीज केवळ एका व्यक्तीजवळ कबुली पुरेशी असते.

प्रकट निवेदनाने दंभ ओसरतो, दुरावा मिटतो व झालेल्या हानीची भरपाई करण्यास चालना मिळते. तथापि त्यातून लोकनिंदा, अन्य व्यक्तींची बदनामी किंवा सांगितलेल्या गोष्टींचा दुरुपयोगही संभवतो. म्हणून पापाची झळ ज्यांना लागली त्यांच्यापुरतेच निवेदन मर्यादित असावे व त्यात दुसऱ्याचे दोष उघड करू नयेत, अशी मर्यादा अनेक ख्रिस्ती उपदेशकांनी सांगितली आहे.