पेटीतील कण

पेटीतील कण ही पुंजयामिकीतील एक मूलभूत आदर्श प्रणाली आहे. तीत एक कण दोन अभेद्य भिंतींमध्ये कोंडलेला असून आत त्यावर कोणतेही बल कार्य करीत नाही, असे मानतात. या प्रणालीस अनंत विभव कूप असेही म्हणतात. श्रोडिंजरचे समीकरण (१९२६) येथे पूर्णपणे सोडवता येते. त्यामुळे कोंडलेल्या कणाची ऊर्जा खंडित का होते आणि त्याच्या बाबतीत अनिश्चिततेच्या तत्त्वाचा नेमका अर्थ काय, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

सीमाशर्ती आणि ऊर्जापातळ्या

भिंतीपलीकडे कण सापडण्याची संभाव्यता शून्य असते. तरंगफल अखंड असावे लागत असल्याने दोन्ही भिंतींवर त्याचे मूल्य शून्य होते. ही सीमाशर्त केवळ अशाच तरंगांना मुभा देते, ज्यांच्या अर्ध्या तरंगलांबीची पूर्णांकी पट पेटीच्या लांबीएवढी भरते. त्यामुळे ऊर्जेची मूल्ये पुढीलप्रमाणे ठरतात :

ऊर्जा = न² × ह² ÷ (८ × व × ल²)

येथे न = १, २, ३…, ह हा प्लँकचा स्थिरांक, व हे कणाचे वस्तुमान आणि ल ही पेटीची लांबी आहे. न शून्य असू शकत नाही, कारण तसे झाल्यास तरंगफल सर्वत्र शून्य होईल. परिणामी कोंडलेला कण कधीही पूर्णपणे स्थिर नसतो. १ नॅनोमीटर लांबीच्या पेटीतील इलेक्ट्रॉनची किमान ऊर्जा सुमारे ०.३८ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. लांबी निम्मी केल्यास ती चौपट होते.

अनिश्चितता

हायझेनबर्ग यांनी १९२७ साली मांडलेल्या तत्त्वास त्याच वर्षी केनार्ड यांनी काटेकोर रूप दिले. त्यानुसार स्थान आणि संवेग यांच्या प्रमाण विचलनांचा गुणाकार लघुकृत प्लँक स्थिरांकाच्या (ह भागिले २ पाय) निम्म्यापेक्षा कमी असू शकत नाही. पेटीतील निम्नतम अवस्थेत हा गुणाकार लघुकृत स्थिरांकाच्या सुमारे ०.५७ पट, तर दुसऱ्या अवस्थेत सुमारे १.६७ पट येतो.

पेटीमुळे याहून कडक मर्यादाही मिळते. पेटीतील कोणत्याही अवस्थेत संवेगाची अनिश्चितता ह ÷ (२ × ल) याहून कमी होत नाही. स्थानाचे विचलन पेटीच्या निम्म्या लांबीहून अधिक नसते, एवढ्यावरून केनार्ड यांच्या असमानतेतून मिळणाऱ्या मर्यादेच्या ही पाय पट (सुमारे ३.१४ पट) आहे.

निम्नतम अवस्थेत कणाच्या संवेगाला समान परिमाणाची व विरुद्ध दिशांची दोनच मूल्ये असतात, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. तरंगफल भिंतींपाशी तुटत असल्यामुळे संवेगाचे वितरण सलग असते आणि निम्नतम अवस्थेत त्याचा उच्चबिंदू शून्य संवेगापाशी असतो.

सीमाशर्त बदलल्यास

कण भिंतींऐवजी ल परिघाच्या वलयावर फिरत असेल, तर दोन्ही टोकांवरील तरंगफल समान असावे, एवढीच अट उरते. अशा वलयावर संवेग पूर्णपणे निश्चित असलेल्या अवस्था असतात. स्थान मात्र ० ते ल असे मोजल्यास त्याची अनिश्चितता ल च्या सुमारे ०.२९ पट, म्हणजे सांत असते. त्यामुळे दोहोंचा गुणाकार शून्य होतो. वरवर पाहता हा अनिश्चिततेच्या तत्त्वाचा भंग वाटतो.

प्रत्यक्षात तसे नाही. केनार्ड यांच्या असमानतेच्या सिद्धतेत तरंगफलास स्थानाने गुणून येणारे फलही सीमाशर्त पाळते, असे गृहीत असते. वलयावर ते पाळत नाही, कारण गुणाकारानंतर दोन टोकांची मूल्ये वेगळी होतात. हे सीमापद विचारात घेतल्यास असमानतेच्या उजव्या बाजूस १ वजा (ल × सांध्यावरील संभाव्यता घनता) याच्या निरपेक्ष मूल्याने गुणावे लागते. निश्चित संवेगाच्या अवस्थेत ही घनता १ ÷ ल असल्याने उजवी बाजू शून्य होते आणि विरोध उरत नाही. म्हणजेच सीमाशर्त ही कारकाच्या व्याख्येचाच भाग आहे.

प्रत्यक्षातील उदाहरणे

वास्तव भिंती अभेद्य नसतात. सांत कूपात तरंगफल भिंतीत काही अंतर शिरते आणि ऊर्जापातळ्या खाली येतात. १९९३ साली आयबीएमच्या संशोधकांनी तांब्याच्या पृष्ठभागावर लोहाचे ४८ अणू वर्तुळाकार मांडून आतील इलेक्ट्रॉनांचे स्थिर तरंग दाखवले. पुंज बिंदूंचा रंग त्यांच्या आकारानुसार बदलतो, यामागेही कोंडलेपणाच हे कारण आहे. या बिंदूंच्या शोधासाठी व निर्मितीसाठी बावेंडी, ब्रस व एकिमॉव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.