सर्व्हर सुरू, प्लगइन मात्र बेपत्ता : जावा प्रणालीतील 'नोंदणी' का फसते?

बुलढाणा : सर्व्हर सुरू आहे, पडद्यावर त्याचे स्वागताचे पानही दिसते, मात्र नव्याने बसविलेला भाग उघडू गेल्यास '४०४, पान सापडत नाही' एवढाच कोरडा संदेश येतो. जावा भाषेत संकेतस्थळे उभारणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. जिल्ह्यात शेगाव येथे १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. पुढे मलकापूर, चिखली व बुलढाणा येथेही तंत्रशिक्षणाची सोय झाली. या विषयाच्या विद्यार्थ्यांसाठी हा प्रश्न प्रकल्पाच्या गुणांचा असतो. प्रत्यक्ष कामकाजात मात्र तो सामान्य माणसाच्या वेळेचा होतो. अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी अर्जाचे पान उघडले नाही, तर लोणार किंवा संग्रामपूर तालुक्यातील गावातून सकाळच्या एस.टी.ने आलेल्या विद्यार्थ्याची फेरी वाया जाते.

नोंदणी म्हणजे काय?

टॉमकॅट हा जावाचा सर्वपरिचित वेब सर्व्हर. सन मायक्रोसिस्टिम्समधील जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी त्याचा पाया घातला आणि १९९९ मध्ये तो अपाची संस्थेकडे आला. त्यात जोडावयाचा भाग 'जार' या गठ्ठ्याच्या रूपाने येतो. आलेल्या मागणीला उत्तर देणारे सर्व्हलेट, वाटेत तपासणी करणारे फिल्टर आणि प्रणाली सुरू होताच जागे होणारे लिसनर असे घटक त्या गठ्ठ्यात असतात.

गठ्ठा सर्व्हरच्या कप्प्यात ठेवला म्हणजे काम झाले, हा समज येथे चुकीचा ठरतो. गावात घर असले तरी मतदारयादीत नाव नसेल, तर मतदान करता येत नाही. तसेच हे आहे. सर्व्हर सुरू होताना आपली यादी तयार करतो. 'वेब डॉट एक्सएमएल' या फाईलमधील नोंदी, डिसेंबर २००९ मधील सर्व्हलेट ३.० पासून रूढ झालेली संहितेतील चिन्हांकने आणि जारमध्येच असलेली छोटी नोंदपत्रे, हे या यादीचे प्रमुख आधार. या वेळी ज्याचे नाव सुटले, त्याची पुढे कोणी दखल घेत नाही.

येथे आणखी एक गोंधळ टाळावयास हवा. ब्राउझरमध्ये चालणारे जावा प्लगइन निराळे. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये त्याचा आधार काढून घेतला. २०१८ मधील जावा ११ मध्ये ते उरलेच नाही. त्यामुळे अडचण सर्व्हरवरील असताना ब्राउझरमध्ये जावा शोधत बसणे व्यर्थ होय.

नोंदवही वाचण्याची रीत

दोष शोधण्याची सुरुवात 'लॉग्ज' कप्प्यातून करावी. बहुतेक जण 'कॅटालिना' नावाची नोंदवही उघडतात. तेथे 'एक किंवा अधिक लिसनर सुरू होऊ शकले नाहीत' अशा अर्थाची ओळ दिसते आणि ते तेथेच थबकतात. वास्तविक त्याच ओळीत पुढे, तपशील संबंधित नोंदवहीत पाहावा, असे म्हटलेले असते. ती वही म्हणजे 'लोकलहोस्ट' या नावाची, तारखेनिहाय तयार होणारी फाईल. तिच्यातील पहिली गंभीर नोंद शोधावी आणि त्या नोंदीतील सर्वांत खालची 'कॉज्ड बाय' ही ओळ वाचावी. मूळ कारण बहुधा तेथेच सापडते. त्यानंतरच्या डझनभर चुका अनेकदा पहिल्या चुकीची पिलावळ असतात.

नावातील बदल

अलीकडच्या काळात नोंदणी फसण्याचे एक मोठे कारण मात्र नोंदवहीतही दिसत नाही. ओरॅकल कंपनीने २०१७ मध्ये जावाची 'एंटरप्राइज' शाखा एक्लिप्स प्रतिष्ठानकडे सोपविण्याचे ठरविले. पण 'जावा' या नावावरील हक्क कंपनीकडेच राहिला. त्यामुळे २०१८ मध्ये या शाखेला 'जकार्ता' हे नाव मिळाले आणि डिसेंबर २०२० मधील जकार्ता ९ मध्ये संहितेतील 'जावाएक्स' हा उपसर्ग बदलून 'जकार्ता' असा झाला. टॉमकॅट ९ जुने नाव ओळखतो. टॉमकॅट १० व त्यापुढील आवृत्त्या नवे.

परिणाम असा, की जुन्या नावाने चिन्हांकित केलेले सर्व्हलेट टॉमकॅट १० मध्ये ठेवले, तर सर्व्हर तक्रार करीत नाही. तो त्याकडे केवळ दुर्लक्ष करतो. पुस्तकातील किंवा जुन्या प्रकल्पातील संहिता जशीच्या तशी वापरणारा विद्यार्थी नेमका येथे अडकतो. टॉमकॅट ९ वापरणे, संहितेतील नावे बदलणे किंवा प्रकल्पाची 'वॉर' फाईल टॉमकॅट १० च्या 'वेबअॅप्स-जावाईई' या कप्प्यात ठेवून सर्व्हरकडूनच रूपांतर करवून घेणे, असे तीन मार्ग आहेत. हा कप्पा नसल्यास आपण तयार करावा.

तपासणीचा क्रम

१. जागा : प्रकल्पापुरता भाग 'वेब-आयएनएफ' मधील 'लिब' कप्प्यातच हवा. लिनक्सवर लहान व मोठी इंग्रजी अक्षरे निराळी मानली जातात. सर्व्हर ज्या खात्यावर चालतो, त्याला फाईल वाचण्याची परवानगी आहे का, तेही पाहावे.

२. आवृत्ती : 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' ही चूक आल्यास भाग नव्या जावात बांधला गेला आहे आणि सर्व्हर जुन्या जावावर चालत आहे, असे समजावे. चुकीतील ५२ हा आकडा जावा ८, ५५ हा जावा ११ आणि ६१ हा जावा १७ दर्शवितो.

३. दुबार प्रत : सर्व्हलेटची मूळ जार सर्व्हरकडे असतेच. तीच पुन्हा प्रकल्पात ठेवल्यास टॉमकॅट ती नाकारतो व 'जार नॉट लोडेड' अशी नोंद करतो.

४. नोंदपत्र : 'वेब डॉट एक्सएमएल' मध्ये 'मेटाडेटा-कम्प्लीट' हे 'ट्रू' असेल, तर चिन्हांकने वाचलीच जात नाहीत.

५. पत्ता : दोन सर्व्हलेटना एकच पत्ता दिल्यास संपूर्ण प्रकल्प सुरू होण्याचे नाकारतो.

६. जुने अवशेष : सर्व्हर पूर्ण थांबवावा, 'वर्क' कप्पा रिकामा करावा, प्रकल्पाचा उलगडलेला जुना कप्पा काढावा आणि मगच नव्याने सुरू करावा. त्यापूर्वी सर्व फाइलींची प्रत ठेवावी.

एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर नोंदवही पाहावी. चार बदल एकदम केल्यास दोष जातो. पण तो कशाने गेला, हे कळत नाही.

घाईतील धोका

भाग चालत नाही म्हणून महाजालावर मिळेल ती जार उतरवून घेणे किंवा सर्व्हरच मागे नेणे, हा उपाय अपायकारक ठरतो. 'लॉगफोरजे' या सर्रास वापरल्या जाणाऱ्या जारमधील गंभीर त्रुटी डिसेंबर २०२१ मध्ये उघड झाली आणि जगभरातील सर्व्हर धोक्यात आले. टॉमकॅट १०.० चा आधार ऑक्टोबर २०२२ मध्ये, तर ८.५ चा मार्च २०२४ मध्ये संपला. अशा आवृत्तीवर विद्यार्थ्यांची किंवा खातेदारांची माहिती ठेवणे म्हणजे दाराला कडी न लावता घर सोडण्यासारखे आहे. जार नेहमी मूळ संस्थेच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावी आणि तिच्या पडताळणीचा अंक जुळवून पाहावा.

प्लगइन नोंदले गेले नाही, याचा अर्थ ते बिघडले असा नव्हे. योग्य जागी, योग्य नावाने, योग्य आवृत्तीत ते सर्व्हरसमोर आले नाही, एवढाच त्याचा अर्थ. या तीन गोष्टी क्रमाने पडताळल्या, तर नव्याने सर्व काही बसविण्याची वेळ सहसा येत नाही.