सॉमरसेटचा खटला (इ. स. १७७२) : निकालाचे पाठ व त्यांचा अर्थ

इंग्लंडच्या भूमीवर पाऊल पडतांच गुलाम मुक्त होतो, असा निवाडा सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यानें इ. स. १७७२ त दिला, असें विधान पुष्कळ ठिकाणीं वाचावयास मिळतें. इंग्लंडची हवा गुलामानें श्वास घ्यावा अशी नसून त्याहून निर्मळ आहे, अशा अर्थाचें एक वाक्यही त्याच्या तोंडीं घालण्यांत येतें. प्रसिद्ध वाक्य आणि समकालीन कागद यांची गांठ घालून पाहणें हें संशोधकाचें पहिलें काम होय. त्या दृष्टीनें या खटल्याचीं साधनें पाहिलीं असतां काय निष्पन्न होतें, तें येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

(१) हकीकत

जेम्स सॉमरसेट हा जन्मानें आफ्रिकन. चार्ल्स स्टुअर्ट नांवाच्या स्कॉच व्यापाऱ्यानें त्यास इ. स. १७४९ त व्हर्जिनिया येथें विकत घेतलें. पुढें स्टुअर्ट अमेरिकन वसाहतींच्या जकात खात्यांत अधिकारी झाला, व १७६९ त सॉमरसेटला बरोबर घेऊन इंग्लंडांत आला. लंडनांत सॉमरसेटनें बाप्तिस्मा घेतला आणि १७७१ च्या ऑक्टोबरांत तो धन्याचें घर सोडून गेला. स्टुअर्टनें २६ नोव्हेंबर रोजीं त्यास पकडविलें व थेम्स नदींत असलेल्या ‘अ‍ॅन अँड मेरी’ जहाजावर, कप्तान जॉन नोल्स याच्या ताब्यांत, बेड्या घालून ठेविलें. जमेका बेटांत नेऊन त्यास विकावें, असा बेत होता.

बाप्तिस्म्याच्या वेळीं जे त्याचे धर्ममातापिता झाले होते, त्यांनीं मॅन्सफील्डकडे धांव घेतली. त्यानें ‘हेबियस कॉर्पस’चा हुकूम सोडला. कैद्यास देहानिशीं हजर करावें व कोणत्या आधारानें त्यास अटकेंत ठेविलें तें सांगावें, असा या हुकुमाचा आशय असतो. कप्तानानें सॉमरसेटला हजर केलें आणि उत्तर दिलें तें असें, कीं हा मनुष्य स्टुअर्टचा गुलाम असून धन्याच्या सांगण्यावरून आपण त्यास विक्रीसाठीं नेत होतों. हें उत्तर कायद्यास पुरेसें आहे कीं नाहीं, एवढाच प्रश्न न्यायालयापुढें होता. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत धरावी. पुढील सर्व विवेचनाचें मूळ तिच्यांत आहे.

(२) वाद

सॉमरसेटच्या पाठीशीं ग्रॅनव्हिल शार्प उभा राहिला. हा पेशानें सरकारी दारूगोळा खात्यांतील कारकून. १७६५ त जोनाथन स्ट्राँग नांवाचा, धन्यानें मारून टाकून दिलेला गुलाम त्याच्या दृष्टीस पडला, तेव्हांपासून त्यानें स्वतःच कायद्याचे ग्रंथ धुंडाळण्यास आरंभ केला, व १७६९ त इंग्लंडांतील गुलामगिरीविरुद्ध पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यापूर्वीं धनी लोकांची सर्व भिस्त इ. स. १७२९ च्या एका मतपत्रावर होती. यॉर्क व टॅलबट या दोघां कायदेपंडितांनीं त्यांत असें म्हटलें होतें, कीं इंग्लंडांत आल्यानें वा बाप्तिस्मा घेतल्यानें गुलाम मुक्त होत नाहीं, व धनी त्यास परत नेऊं शकतो. हें केवळ मत होतें, कोणत्याही खटल्याचा निकाल नव्हे. परंतु चाळीस वर्षें तें निकालासारखें चाललें.

सॉमरसेटकडून डेव्ही, ग्लिन, हारग्रेव्ह आदि पांच वकील उभे राहिले. स्टुअर्टच्या बाजूस वॅलेस व डनिंग हे होते, आणि त्यांच्यामागें वेस्ट इंडीजच्या मळेवाल्यांचा पैसा होता. मॅन्सफील्डला हा निकाल देणें मनापासून नको होतें. इंग्लंडांत चौदापंधरा हजार गुलाम आहेत, दर माणशी ५० पौंड धरल्यास सात लक्ष पौंडांवर मालमत्ता जाते, असा हिशेब त्यानें न्यायासनावरून बोलून दाखविला. सॉमरसेटला आपण होऊन सोडून वाद मिटवावा, असेंही सुचविलें. दोन्ही पक्ष हटले नाहींत. अखेर २२ जून १७७२, म्हणजे शके १६९४, रोजीं निकाल झाला.

(३) निकालाचे पाठ

निकाल तोंडीं सांगण्यांत आला. आज जे पाठ उपलब्ध आहेत ते ऐकणारांनीं टिपलेले आहेत. लॉफ्ट याच्या निकालसंग्रहांतील पाठ सर्वांत प्रसिद्ध, पण तो छापला गेला १७७६ त. त्याखेरीज त्या वेळच्या वर्तमानपत्रांतून व मासिकांतून आलेले पाठ आहेत, व शार्पनें जमविलेल्या हस्तलिखित नकलाही आहेत. लॉफ्टच्या पाठांत, गुलामगिरी इतकी निंद्य आहे कीं स्पष्ट लेखी कायद्यावांचून तिला दुसरा आधार असूं शकत नाहीं, असा व्यापक सिद्धांत येतो. इतर पाठांत शब्दयोजना निराळी असून, पळालेल्या गुलामास बळानें धरून परदेशीं विकण्यासाठीं नेण्याची मुभा येथें कोणाही धन्यास कधीं मिळालेली नाहीं, या मुद्द्यावर भर आहे. शेवट मात्र एकच : या मनुष्यास सोडून दिलें पाहिजे.

इंग्लंडांतील सर्व गुलाम आजपासून मुक्त, असें वाक्य यांपैकीं कोठेंही नाहीं. हवेसंबंधींचें वाक्य लॉफ्टच्या ग्रंथांत आहे खरें, पण तें डेव्ही वकिलाच्या भाषणांत. आणि त्यानेंही तें एलिझाबेथ राणीच्या वेळच्या, इ. स. १५६९ च्या एका जुन्या खटल्यांतून घेतलेलें. पुढें लॉर्ड कॅम्बेल यानें सरन्यायाधीशांचीं चरित्रें लिहितांना तें मॅन्सफील्डच्या तोंडीं घातलें, व तेथून तें सर्वत्र पसरलें.

(४) न्यायाधीशाची स्वतःची साक्ष

निकालाचा अर्थ मर्यादित होता, यास मॅन्सफील्डचीच साक्ष आहे. १७८५ त दुसऱ्या एका खटल्यांत त्यानें सांगितलें, कीं धन्यास गुलामाला बळानें राज्याबाहेर नेतां येत नाहीं, याहून अधिक कांहीं आपण ठरविलें नव्हतें. दुसरा पुरावा त्याच्या मृत्युपत्रांत आहे. त्याच्या भाच्याला, सर जॉन लिंडसे यास, एका गुलाम स्त्रीपासून झालेली डायडो एलिझाबेथ बेल ही मुलगी मॅन्सफील्डच्याच घरीं वाढली. तो १७९३ त वारला. त्याच्या मृत्युपत्रांत तिचें स्वातंत्र्य आपण कायम करीत आहों, असें स्पष्ट कलम आहे. आपल्या निकालानें सर्व गुलाम मुक्त झाले अशी त्याची खात्री असती, तर घरच्या मुलीसाठीं हें कलम लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. पुढें १८२७ त ग्रेस नांवाच्या स्त्रीच्या खटल्यांत लॉर्ड स्टोवेल यानें ठरविलें, कीं इंग्लंडांत राहून ती अँटिग्वा बेटांत परतली असतां तिची गुलामगिरी पुन्हां लागू झाली.

(५) दुसऱ्या बाजूची साक्ष

मग लोकप्रसिद्ध समज हा केवळ भ्रम म्हणून सोडून द्यावा काय? आमच्या मतें नाहीं. स्टुअर्टच्याच खाजगी दप्तरांत १० जुलै १७७२ चें, म्हणजे निकालानंतर तीन आठवड्यांच्या आंतलें, जॉन रिडेल नांवाच्या स्नेह्याचें पत्र आहे. त्यांत तो कळवितो, कीं आपला डब्लिन नांवाचा नोकर पळाला. सॉमरसेट काकाचें पत्र आलें असून लॉर्ड मॅन्सफील्डनें आम्हांस स्वातंत्र्य दिलें आहे, असें त्यानें इतर चाकरांस सांगितलें. ‘आम्हांस’ हा शब्द महत्त्वाचा आहे. न्यायाधीशानें एकास सोडिलें. सुटलेल्यानें तो निकाल सर्वांचा म्हणून वाचला, आणि डब्लिन त्याच वाचनावर विसंबून चालता झाला. निकालाच्या दिवशीं न्यायालयांत हजर असलेल्या कृष्णवर्णीयांनीं न्यायाधीशांस लवून नमस्कार केला व एकमेकांचे हात हातीं घेतले, असें वर्तमानपत्रांनीं नमूद केलें, तेंही याच अर्थाचें द्योतक होय.

(६) उपसंहार

या प्रश्नाचा आपल्याकडील कागदांशींही संबंध पोंचतो. पेशवेकालीन दप्तरांतील कुणबिणींचे उल्लेख वाचकांस परिचित आहेतच. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी उठविणारा १८३३ चा कायदा कंपनीच्या हिंदुस्थानांतील मुलखास लागू नव्हता. येथें १८४३ चा पांचवा कायदा आला. त्यानेंही गुलाम मुक्त झाले असें जाहीर केलें नाहीं, तर गुलामावरील मालकीचा हक्क कोणत्याही न्यायालयानें बजावून देऊं नये, एवढेंच ठरविलें. गुलाम बाळगणें हा गुन्हा ठरला तो १८६० च्या दंडसंहितेनें. धन्याच्या हातांतून सरकारचें बळ काढून घ्यावयाचें आणि पुढचें पाऊल गुलामानें स्वतः टाकावयाचें, ही सॉमरसेटच्या खटल्यांत दिसणारी रीत येथेंही दिसते.

निवाडपत्र वाचतांना वादी काय मागत होता व न्यायाधीशानें नेमकें काय दिलें, हें पाहावें लागतें. पण निवाडा गांवांत पोंचल्यावर लोक काय करूं लागले, हें त्यांत सांपडत नाहीं. तें घरगुती पत्रांत सांपडतें. लॉफ्टचा ग्रंथ नसता तरी सॉमरसेट सुटला होता, हें कळलें असतें. रिडेलचें तें पत्र फाडून टाकलें गेलें असतें, तर डब्लिन कोणत्या भरंवशावर घराबाहेर पडला, हें कोणासही कळलें नसतें. संग्राहकांनीं निवाडपत्रांबरोबर अशीं क्षुल्लक दिसणारीं पत्रेंही जपावीं, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.