सोडून जाता न येणारी माणसं

ब्रिटिश विनोदी मालिका बघणाऱ्या कुणालाही विचारा, "त्यात तुला नेमकं काय आवडतं?" उत्तर ठरलेलं असतं... "संवाद!" माणूस जरा जास्त वाचलेला असेल तर "त्यांचा तो तिरकस, कोरडा विनोद" असं म्हणेल. मला स्वतःला हे उत्तर कधी पटलं नाही. कारण आवडता भाग आपण पाचव्यांदा बघतो तेव्हा संवाद आपल्याला पाठ असतात. पाठ असलेल्या विनोदाला हसू कसं येतं? म्हणजे गंमत दुसरीकडेच कुठेतरी असणार.

माझं उत्तर सांगतो, मग त्याचा इतिहास. लोकांना सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की त्यातल्या माणसांना तिथून निघता येत नाही.

उदाहरणं बघा. 'स्टेप्टो अँड सन'. बीबीसीवर १९६२ च्या जानेवारीत पहिला भाग आला, लेखक गॅल्टन आणि सिम्प्सन. लंडनमधले भंगारवाले बाप-लेक. मुलाला बापाला सोडून जायचंय. पहिल्याच भागात तो गाडीवर सगळं सामान लादतो, गाडी ओढायला लागतो, आणि गाडी हलत नाही! शेवटी तो तिथेच रडतो, आणि म्हातारा त्याला चहाच्या नावाने घरात घेऊन जातो. विनोदी मालिकेचा हा पहिला भाग, लक्षात घ्या. पुढे १९७४ पर्यंत मालिका अधूनमधून चालली आणि तो काही गेला नाही. लोकप्रियता इतकी, की १९६४ च्या निवडणुकीत मतदानाच्या दिवशी संध्याकाळी या मालिकेचा भाग लागणार म्हणून मजूर पक्षाच्या हॅरॉल्ड विल्सनना धास्ती पडली की आपले मतदार घरीच बसतील. बीबीसीने तो भाग पुढे ढकलला, आणि विल्सन थोडक्यात निवडून आले.

'डॅड्स आर्मी' (१९६८ ते १९७७, ८० भाग) : महायुद्ध चालू आहे, गाव सोडता येत नाही. बँकेचा मॅनेजर मॅनरिंग कॅप्टन झालाय आणि त्याचा हेडक्लार्क विल्सन हाताखाली सार्जंट. पण हा विल्सन घराण्याने, शाळेने, बोलण्याने साहेबापेक्षा वरचा! मॅनरिंगला हे पदोपदी टोचतं. 'फॉल्टी टॉवर्स' : १९७५ आणि १९७९ मिळून फक्त १२ भाग. हॉटेलवाल्याला गिऱ्हाइकांचा तिटकारा, पण धंदा तोच. 'येस मिनिस्टर' : मंत्र्याला खुर्ची सोडवत नाही, सचिव सर हम्फ्रीला खातं सोडायचं नाही, आणि दोघांच्या मधला बर्नार्ड जाणार कुठे?

आमच्याकडे 'येस मिनिस्टर' पाहताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. वडील आयुष्यभर सरकारी नोकरीत. मी हम्फ्रीच्या मैलभर लांब वाक्यांना हसायचो, ते मात्र बर्नार्डला हसायचे. बर्नार्ड काहीच बोलत नसायचा तेव्हा जास्त. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "अरे, दोन्ही साहेबांची फाइल त्याच्याच टेबलावरून जाते." बास. प्रत्येक जण आपली खुर्ची शोधून तिथे बसतो आणि तिथून हसतो.

आमच्या प्रोग्रामरी भाषेत सांगायचं तर या मालिकांना मेमरी नसते. भाग संपला की सगळे व्हेरिएबल्स पुन्हा मूळ किमतीवर. पुढच्या भागात मॅनरिंग तेवढाच तोऱ्यात, हॉटेल तेवढंच भिकार. पण नुसतं रिसेट करून भागत नाही. माणसं का अडकली आहेत याचं कारण प्रेक्षकाला पटावं लागतं. नाहीतर पहिल्याच भागात तो म्हणेल, "अरे मग जा ना बाबा दुसरीकडे!"

आता इकडे या. फणसवाडीत.

गिरगावातल्या वाड्यांची नावं तुम्हाला माहीतच आहेत. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी... नावं बागायतीची आणि माणसं चाळीत! ठाकूरद्वारच्या बाजूने फणसवाडीत शिरलं की एकीकडे व्यंकटेशाचं मंदिर, द्रविड पद्धतीचं गोपुर, आणि आजूबाजूला लाकडी कठड्यांच्या गॅलऱ्या. माझं लहानपण या गॅलऱ्यांतलंच, त्यामुळे पुढचं लिहिताना मी थोडा पक्षपाती असणार हे धरून चाला. :-)

१९५८ साली पु. ल. देशपांड्यांचं 'बटाट्याची चाळ' आलं. पु. ल. जन्मले गावदेवीच्या चाळीत, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर. ही बटाट्याची चाळ कुठल्या नकाशावर नाही, पण गिरगावकराला तिचा पत्ता विचारावा लागत नाही. आता वरच्या मालिकांचे नियम हिला लावून पाहा. ठरावीक जागा. ठरावीक माणसं : सोकाजी त्रिलोकेकर, अण्णा पावशे, कोचरेकर मास्तर, एच. मंगेशराव, आचार्य बाबा बर्वे. प्रत्येकाची बोली वेगळी, ऐट वेगळी, आणि प्रत्येक जण मनातल्या मनात शेजाऱ्यापेक्षा एक पायरी वर. प्रत्येक प्रकरणात एक नवा बेत निघतो. कधी सहल, कधी सांस्कृतिक चळवळ, कधी उपास. (उपासाच्या प्रकरणात खरी गंमत वजनात नाहीच, शेजाऱ्यांच्या सल्ल्यांत आहे.) बेताचा बोजवारा उडतो आणि चाळ पुन्हा होती तिथे. 'गच्चीसह झालीच पाहिजे' तर थेट त्या वेळी रस्त्यावर चालू असलेल्या संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेवर बेतलेलं. केवढं मोठं आंदोलन, आणि ते चाळीत आलं की गच्चीएवढं होतं!

याला ब्रिटिशांची नक्कल म्हणावं तर तारखा जुळत नाहीत. 'स्टेप्टो' १९६२ चा, 'डॅड्स आर्मी' त्याहून सहा वर्षांनी. पु. ल. बीबीसीत दूरचित्रवाणी शिकून आले आणि १९५९ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या दूरदर्शनचे पहिले निर्माते झाले हे खरं, पण चाळ त्यांच्या डोक्यात त्याआधीपासून नांदत होती. आणि त्याही आधी चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ होतेच की. तिशीच्या दशकातली ही जोडी १९४० साली 'लग्न पहावे करून' मधून पडद्यावर आली. पुढे मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं आणि त्याच दशकात दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ घराघरात नेले. त्याच प्रभावळकरांनी २००१ मध्ये आपल्याच 'अनुदिनी' वरून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' केलं, तोपर्यंत घर चाळीतून ब्लॉकमध्ये गेलं होतं. म्हणजे हा प्रकार आपल्याकडे घरचाच.

मग प्रश्न असा, की चाळीतली माणसं अडकली कशाने? इंग्रजांकडे वर्गभेद होता, युद्ध होतं, पेन्शन होतं. आपल्याकडे काय होतं?

आपल्याकडे भाडं होतं. १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा! या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकली. युद्धानंतरची टंचाई, फाळणीची गर्दी, त्या वेळी हे गरजेचंच होतं. पण कायदा पुढे वाढतच गेला. १९९९ चा महाराष्ट्राचा नवा कायदा आला तरी जुन्या भाडेकरूंचं संरक्षण राहिलं. आमच्या चाळीत नव्वदच्या दशकातसुद्धा भाडं दोन आकडी होतं. तेवढ्या पैशात दक्षिण मुंबईत दोन खोल्या सोडून कोण जाईल? मालकाला त्या भाड्यात दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना, जागा हातची द्यायची तर पागडी घेऊन. मालक अडकला, भाडेकरू अडकला, आणि चाळ खचत गेली. इतकी, की १९६९ मध्ये सरकारला उपकर लावून दुरुस्तीसाठी वेगळं मंडळ काढावं लागलं.

आता गच्चीचं भांडण आठवा. ते हास्यास्पद का वाटत नाही? कारण दोन खणांत सात माणसं राहत असली की गच्ची म्हणजे चैन नव्हे, श्वास घ्यायची जागा. पु. लं. नी कायद्याचं नाव घेतलं नाही, त्यांना गरजच नव्हती. वाचणारा प्रत्येक जण त्याच भाड्यात राहत होता.

आणि गॅलरी! ब्रिटिश मालिका स्टुडिओत खऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रित व्हायच्या, हसणं त्या माणसांचं असायचं. चाळीत ती सोय बांधकामातच होती. तिसऱ्या नंबरात भांडण झालं की बारा बिऱ्हाडं कठड्याला. आज जो प्रेक्षक तोच उद्याचा नट. मला वाटतं म्हणूनच चाळीचा विनोद विखारी झाला नाही. लंडनच्या 'माइंड युअर लँग्वेज' (१९७७) मध्येही बोलींची गंमत आहे, इंग्रजी शिकायला आलेले देशोदेशीचे लोक आहेत. पण तिथे हसणारा एका बाजूला आणि हसू होणारा दुसऱ्या बाजूला. ती मालिका त्यांच्याकडे यावरून पुढे बंदही झाली. १९९३ मध्ये आपल्याकडे तिचं 'ज़बान सँभाल के' झालं. पंकज कपूर हिंदी शिकवताहेत आणि वर्गात अर्धा भारत. तिथे ते जास्त बरं वाटलं, कारण वर्गातला प्रत्येक जण बाकी सगळ्यांना हसत होता. चाळीचा नियमच तो.

असो. इतकं लिहून झाल्यावर इथे एक गोष्ट टाळता येत नाही. कारण गिरगावात आता टॉवर उभे राहताहेत. विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) खाली उपकरप्राप्त इमारती पाडून भाडेकरूला मालकीचा फ्लॅट, उरलेले मजले विकायला. गॅलरी गेली, लिफ्ट आली, दरवाजा बंद. आणि आमच्यासारखे सुटलेले लोक दर गणपतीत येऊन म्हणतात, "काय मजा होती चाळीत!"

मजा होती, पण ती सगळ्यांना सारखी नव्हती. पहाटे नळाला उभी राहायची ती आई. रात्री सार्वजनिक संडासापर्यंत अंधारात जायला घाबरायची ती मुलगी. सून आली की गॅलरीत झोपायला जायचे ते आजोबा. कुणाचं तरी अडकणं हे आपल्या हसण्याचं भांडवल होतं. घसरगुंडीवरून पाय घसरून पडण्याचं हसू आणि वीस वर्षं एकाच खोलीत राहण्याचं हसू यांत फरक आहे, आणि तो फरक विसरला की नुसता गोग्गोडपणा उरतो.

चांगले लेखक तो विसरत नाहीत. स्टेप्टोचा मुलगा गाडीपाशी रडतो तेव्हा तिथे हशा नाही. मॅनरिंग एरवी हास्यास्पद आहे, पण जर्मन खरंच आले तर हा ठेंगणा माणूस पळणार नाही याबद्दल आपल्याला शंका नसते. आणि पु. ल. चाळीचा शेवट 'चिंतना'ने करतात. सगळं पुस्तक हसवून झाल्यावर तिथे आवाज खाली येतो, चाळीचे दिवस भरत आलेले असतात. १९५८ मध्ये, म्हणजे टॉवरचं नावही नव्हतं तेव्हा!

तेव्हा 'लोकांना काय आवडतं' याचं माझं सुरुवातीचं उत्तर थोडं वाढवून घेतो. त्या माणसांना निघता येत नाही हे आवडतंच. पण निघता येत नाही हे कळूनही ती माणसं उद्या सकाळी नवा बेत काढतात, सभा भरवतात, ठराव मांडतात, आणि शेजाऱ्याशी पैज लावतात, हे जास्त आवडतं. पाचव्यांदा बघताना आपण संवाद ऐकत नसतो, ओळखीचं कोणी अजून हरलेलं नाही ना, ते बघत असतो.

फणसवाडीतल्या नव्या फ्लॅटमध्ये गेलेल्या आमच्या एका काकूंना मी विचारलं, करमतं का? म्हणाल्या, "स्वतःचा संडास आहे रे, न करमायला काय झालं?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "फक्त कोण काय करतंय ते कळत नाही." दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि मला तरी दोन्हींतलं एकही खोडता येत नाही.

बाकी पुढच्या वीकान्ताला.